‘पडणारच आहेत’ म्हणून दुधाचे दात किडू द्यायचे?

‘आजीच्या बटव्यातलं दंतज्ञान’ नावाचा मेसेज आता पुतणीच्या बालवाडीच्या ग्रुपवरही येऊन पोचलाय. त्यात म्हटलंय की दुधाचे दात पडणारच, किडले तरी डॉक्टरकडे नेऊ नका. पेस्टमधलं फ्लोराइड विष असतं. मशेरीने हिरड्या घट्ट होतात. लिंबू-मिठाने दात पांढरे होतात. डॉक्टरकडून दात साफ करून घेतले की सैल होतात. खाली ‘पुढे पाठवा’ आहेच, आणि लोक इमानेइतबारे पाठवतायत.

पोरांचं खरं नुकसान करतो तो पहिला दावा. दात पडणार, कबूल. पण कधी? पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने अजून सहा-सात वर्षं चावायचंय. दुधाच्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, पक्क्या दाताच्या जेमतेम निम्मं जाड असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. मग रात्रीचा ठणका, सुजलेला गाल, हिरडीवर पुवाची पुळी. पू मुळाशी तसाच राहिला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातावरही डाग पडू शकतात.

किडलेली दाढ काढूनच टाकली तर? सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे येणारी पक्की दाढ पुढे सरकते, आणि दुधाच्या दाढेच्या जागी नंतर येणाऱ्या पक्क्या दाताला, उपदाढेला, जागा उरत नाही. या सहाव्या वर्षीच्या दाढेसाठी आधी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेल’ म्हणून सोडून देतात. तिच्या जागी दुसरी येत नाही.

लहान मुलाला मांडीवर आडवं घ्या आणि वरचा ओठ उचला. पुढच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांत ती नेमकी इथे येते. खालचे दात जिभेआड आणि लाळेत असल्याने बहुधा वाचतात. रेघ असेपर्यंत कीड परतवता येते. खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही.

फ्लोराइडबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते लिटरला 1.5 मिलिग्रॅमहून जास्त आहे, आणि त्याने दात डागाळतात, हाडंही बिघडतात. पण ते रोज पोटात जाणारं पाणी. पेस्ट थुंकायची असते. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. फ्लोराइड 1000 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, असलेली. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको, पोरं गिळतात. घासल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त यायचं कमी होतं, म्हणून हिरडी ‘घट्ट’ वाटते. आत हाड झिजतच असतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. तंबाखू घातलेल्या पेस्ट-मंजनांवर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बटव्यातल्या आजीला एवढं तरी कळवा.

लिंबू: पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. इनॅमल साधारण 5.5 पीएचखाली विरघळू लागतं, लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3. वरचा थर गेला की आतला पिवळा दिसतो. झाले पांढरे!

राहिली सफाई. दात सैल होतात ते हाड आधीच गेलेलं असतं म्हणून. कीटणाने, म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या थराने, ते एकमेकांना बांधून ठेवलेले असतात इतकंच. कीटण निघालं की फटी दिसतात, काही दिवस गार पाणी झिणझिणतं. ब्रशला रक्त लागलं तर ती जागा टाळू नका. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून तिथेच हलक्या हाताने फिरवा, आणि दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दाखवा.