एसीत बसून? ‘मुंबईकर करदाता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टवर ‘मुंबईकर करदाता’ या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. तिथेच खाली उत्तर लिहायला बसले होते पण ते इतकं वाढत गेलं की शेवटी वेगळी पोस्टच टाकतेय. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मी लिहिलं होतं की ज्याच्या खिशात फक्त स्वतःपुरती पुडी सापडते अशा व्यसनी माणसाला पोलिसांनी चौकीतूनच, प्रकरण कोर्टात जायच्या आधीच, उपचारांकडे वळवावं आणि त्यासाठी त्यांच्या हातात लेखी पद्धत असावी. बस, एवढंच. त्यावर हे साहेब लिहितात:

“ताई, एसीत बसून गर्दुल्ल्यांची वकिली करणं सोपं असतं, ज्याच्या घरात हे भोगलंय त्यालाच कळतं. आमच्या सोसायटीत मीटरच्या केबल कापणाऱ्याला पकडून पोलिसात दिला, दोन महिन्यांनी परत तोच हजर. पोलिसांच्या हातात सोडायचं का धरायचं हे दिलंत तर हप्ते वाढतील. ओरेगॉनमध्ये लाड करून बघितले आणि गुंडाळले. आणि व्यसनमुक्ती केंद्रात काय मारझोड चालते तेही लिहा की. एनजीओवाल्यांना काय, पगार चालू.”

आधी एक गोष्ट मान्य करते, म्हणजे उगाच एकतर्फी बोलतेय असं नको. केबल कापली जाणं, जिन्यात पन्नी आणि सुया सापडणं, संध्याकाळी मुलींना स्टेशनच्या पुलाखालून जायची भीती वाटणं, हा त्रास खरा आहे. मी कुर्ल्यात राहते, तो पूल मी पण ओलांडते. चोरी केली तर चोरीचा गुन्हा लागलाच पाहिजे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही.

पण बाकीच्या प्रतिक्रियेतला जो सूर आहे ना, तो मला अजिबात आवडलेला नाही. ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला एसी काढायचा. माझ्या घरी एसी आहे का नाही याचा या विषयाशी काय संबंध? तुम्ही मला ओळखत नाही, माझं घर बघितलेलं नाही, माझ्या घरात कोण होतं कोण नव्हतं तुम्हाला माहीत नाही, आणि तरी बेधडक लिहून मोकळे, की ज्याच्या घरात भोगलंय त्यालाच कळतं. मग ऐका आता. हे मी ब्लॉगवर कधी लिहिणार नव्हते, आईला त्रास होईल म्हणून, पण आई आता नाही आणि तुम्ही वेळ आणलीच आहे.

आम्ही लालबागचे. वडील गिरणीत होते. 1982 चा संप झाला तेव्हा मी शाळेत होते आणि माझा मोठा भाऊ, आमचा दादा, नुकता कुठे कामाला लागायच्या बेतात होता. संपानंतर आमच्या चाळीत जे झालं ते गिरणगावातल्या कुठल्याही घराला विचारा. काम नाही, पोरं दिवसभर नाक्यावर, आणि त्याच वर्षांमध्ये ब्राउन शुगर मुंबईत गल्लोगल्ली पोचली. गर्द म्हणायचे त्याला. दादा हुशार होता, कॅरममध्ये त्याला कोणी हरवायचं नाही, आईचा फार लाडका. तो कधी त्यात गेला आम्हाला कळलंच नाही, कळलं तेव्हा घरातली पितळेची भांडी गेलेली होती. म्हणजे घरातली चोरी काय असते ते मला तुमच्या केबलवरून शिकायची गरज नाही. माझ्या आईचं मंगळसूत्र गेलंय त्यात.

नव्वदच्या दशकात त्याला पोलिसांनी उचलला. कुठलं पोलीस स्टेशन ते लिहीत नाही. खिशात पुडी, एवढंच. बाबा आणि मी गेलो तर दादा लॉकअपमध्ये फरशीवर पडलेला, टर्की लागलेली, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, उलट्या जुलाब चालू, पाय पोटाशी घेऊन थरथरतोय. बाबांना बघून रडायला लागला आणि म्हणाला, मला दवाखान्यात न्या, मी सोडतो हे सगळं. त्याने असं आधी कधीच म्हटलं नव्हतं, आम्ही हातापाया पडायचो तेव्हाही नाही. तिथे एक हवालदार होते, वयाने बाबांएवढे, ते बाजूला घेऊन म्हणाले, पोरगा चांगल्या घरचा दिसतो, मला कळतंय, पण केस न करता सोडला तर माझ्यावर येईल आणि पाठवू तरी कुठे, आमच्याकडे तसं काही लिहिलेलंच नाही. तो माणूस वाईट नव्हता हो. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

मग रिमांड, मग जेल, जामिनाला पैसे नाहीत. काही महिन्यांनी सुटून आला, अंगावर जरा मांस चढलेलं, आई खूश. आणि सुटल्यावर काही दिवसांतच गेला. पहिल्यासारखाच डोस घेतला असणार, शरीराची सवय तर जेलमध्ये मोडलेली. आम्हाला तेव्हा हे कोणी समजावलं नाही. पुष्कळ वर्षांनी वाचलं तेव्हा कळलं की हे फक्त आमच्या नशिबाचं नव्हतं, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास 2007 मध्ये छापून आला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर लोकांच्या तुलनेत 129 पट निघाला. एकशे एकोणतीस पट. तो आकडा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. आता सांगा, मला काय कळत नाही?

आणि म्हणूनच मी त्या पोलीस स्टेशनमधल्या वेळेबद्दल लिहिते. व्यसनी माणूस एरवी कोणाचं ऐकत नाही, घरच्यांचं तर नाहीच, पण पकडला गेला, टर्कीत आहे, समोर कोणीतरी माणूस आहे, त्या काही तासांत तो ‘हो’ म्हणू शकतो. आपण तो वेळ पंचनामा आणि मुद्देमालात घालवतो. अमेरिकेतल्या सिएटल शहरात 2011 मध्ये ‘लीड’ नावाचा जो उपक्रम सुरू झाला त्यात याच वेळेला हात घातलाय. पोलीस किरकोळ ड्रग्ज केसमध्ये पकडतो आणि जेलमध्ये न टाकता सरळ केस मॅनेजरच्या हवाली करतो, तो त्याचं राहायचं, डॉक्टरचं, कागदपत्रांचं बघतो, पहिल्या दिवसापासून ड्रग्ज पूर्ण बंद पाहिजेत अशी अटसुद्धा नाही. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी तपासलं तर अशा लोकांना पुन्हा अटक होण्याची शक्यता नेहमीच्या मार्गाने गेलेल्यांपेक्षा 58 टक्क्यांनी कमी दिसली. याला तुम्ही लाड म्हणता. तुमच्या केबलवाल्याचे तर कोणी लाड केले नाहीत ना, पकडून दिलात ना त्याला? मग दोन महिन्यांनी परत तोच का आला? तुमचं स्वतःचं उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय आणि तुम्ही ते माझ्याच तोंडावर फेकताय.

आपल्याकडे कायद्यात सोय नाही असंही नाही. 1985 चा एनडीपीएस कायदा, म्हणजे आपला अमली पदार्थविरोधी कायदा, काढून बघा. कलम 27 म्हणजे सेवन, हेरॉइन कोकेनसारख्या वस्तूंसाठी वर्षभरापर्यंत शिक्षा किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम 64अ आहे, की व्यसनी माणसाने अल्प प्रमाणाच्या केसमध्ये स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालणार नाही, आणि उपचार अर्धवट टाकले तर ही सूट काढून घेता येते. हेरॉइनचं अल्प प्रमाण म्हणजे 5 ग्रॅमपर्यंत. कलम 39 पण आहे, दोषी ठरल्यावरसुद्धा कोर्ट शिक्षेऐवजी उपचारांना पाठवू शकतं. मग हे होत का नाही? कारण लॉकअपमध्ये थरथरणाऱ्या पोराला 64अ सांगणार कोण? वकील असेल तर वकील, आणि वकील परवडणाऱ्यांची मुलं मुळात फुटपाथवर पकडली जात नाहीत. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2017 आणि 2018 मधल्या मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या हजारो एनडीपीएस केसेस बघितल्या, तर बहुसंख्य केसेस नुसत्या सेवनाच्या, त्यातही बहुतेक गांजाच्या, आणि आरोपी गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि परत त्याच पुलाखाली. यात पोलिसांचा वेळ जातो, कोर्टाचा जातो, आणि तुम्ही करदाते आहात म्हणून सांगते, पैसा तुमचाच जातो.

हप्त्यांचं म्हणाल तर हप्ते आज नाहीत का? नियम लेखी असला, कोणाला कुठे पाठवलं याची नोंद वरिष्ठांकडे आणि कोर्टाकडे गेली, तर खाबुगिरीला जागा कमीच होईल. एवढं पुरे त्यावर. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचं उदाहरण इथे लागूच होत नाही, तिथे मेझर 110 नावाच्या कायद्याने स्वतःपुरती ड्रग्ज बाळगणाऱ्याची अटकच काढून टाकली होती, 100 डॉलरची पावती फाडायची आणि हेल्पलाइनला फोन केला की तीही माफ, म्हणजे पोलिसाने माणसाला हाताला धरून कुठे न्यायचंच नव्हतं. आणि सप्टेंबर 2024 पासून तिथे परत गुन्हा झाला तेव्हा सोबत काय आणलं माहितीये? डिफ्लेक्शन, म्हणजे कोर्टाऐवजी उपचारांकडे वळवणं. मी म्हणतेय तेच. अर्धंच वाचून प्रतिक्रिया टाकायची सवय असली की असं होतं.

व्यसनमुक्ती केंद्रांतल्या मारझोडीबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, तो या पोस्टचा विषय नाही. मी कुठलंही केंद्र म्हणत नाहीये, सरकारी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग म्हणतेय, अफूजन्य नशेची तलफ कमी करणारं बुप्रेनॉर्फिनसारखं औषध जिथे डॉक्टरच्या देखरेखीखाली मिळतं तशी ठिकाणं म्हणतेय. ती कमी आहेत, हे तर रडगाणं आहेच. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या 2019 च्या सर्वेक्षणात देशात अंदाजे 77 लाख लोकांना अफूजन्य नशेसाठी मदतीची गरज असल्याचं निघालं, एवढ्या लोकांना पुरतील इतके बेड कुठून येणार, मला कळतं ते. पण बेड नाहीत म्हणून लॉकअपच्या फरशीवर टाका हे कुठलं उत्तर झालं? आर्थर रोडला तरी कुठे जागा आहे?

आणि एनजीओचा पगार. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, पेन्शनवर जगते, या लिखाणाचा मला एक रुपया मिळत नाही. कोणाच्या पैशावर बोट ठेवताना आधी विचारायची पद्धत असते आपल्यात. खरं सांगू का, प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य नसतं तर मी कदाचित शांतपणे चार ओळींत उत्तर दिलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे, लोकांनी वाचावी. तुम्हाला परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण स्वतःच्या नावाने लिहा, मी माझ्या नावाने लिहिते. आणि तुमच्या सोसायटीने पकडून दिलेला तो मुलगा, त्याला पोलीस स्टेशनला नेल्यावर पुढे काय केलं, कुठल्या डॉक्टरने त्याला बघितलं का, हे तुमच्यापैकी कोणी जाऊन विचारलं होतं का, तेवढं मात्र नक्की लिहा. मी वाट बघतेय.