हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करू नका

‘लॅपटॉप दुप्पट वेगाने पळवा’ हा फॉरवर्ड सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्यात चार सल्ले: हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र काढायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे देणारी सेटिंग) बंद करा, ग्राफिक्स कार्ड फक्त गेमवाल्यांना लागतं, कार्डाच्या मेमरीचे जीबी जितके जास्त तितकं कार्ड वेगवान, थ्रीडीसाठी रॅम वाढवली की पुरे. माझी भाची आर्किटेक्चर शिकते. तिने पहिला सल्ला ऐकला आणि आता ब्राउझरमध्ये घराचं मॉडेल फिरवायला गेली की चित्र अडकत अडकत सरकतं. एवढं झाल्यावर गप्प बसवत नाही.

हा पहिला सल्लाच सगळ्यात घातक. थ्रीडी मॉडेल म्हणजे हजारो, कधी लाखो त्रिकोण. मॉडेल जरासं वळवलं तरी प्रत्येक त्रिकोणाचे कोपरे पडद्यावर कुठे येतात, कोण कोणाच्या मागे दडतो, हे नव्याने काढावं लागतं. मग प्रत्येक पिक्सेलचा रंग. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर १२ कोटींहून जास्त पिक्सेल रंगवायचे, दर सेकंदाला! एका पिक्सेलचा हिशेब सहसा शेजारच्या पिक्सेलसाठी अडत नाही, म्हणून ग्राफिक्स चिपमधले शेकडो-हजारो छोटे कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, एकदम कामाला लागतात. त्रिकोण भरायला, टेक्श्चर (पृष्ठभागावरचं चित्र) लावायला तिथे वेगळी सर्किटंच असतात. ॲक्सिलरेशन बंद केलं की हा सगळा बोजा प्रोसेसरच्या मोजक्या कोअरवर पडतो.

ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडून पडदा काळा पडत असेल तर तात्पुरतं बंद करून बघा, इतपत मान्य. पण मग ड्रायव्हर दुरुस्त करा आणि परत चालू करा.

फक्त गेमसाठी? ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं अधिकृत मॅन्युअल उघडा. ग्राफिक्स कार्डावर रेंडरिंग (मॉडेलवरून अंतिम चित्र बनवणं) केल्याने वेग वाढू शकतो असं तिथे लिहिलंय. कार्डाची मेमरी मर्यादित असल्याने अवजड सीनला अडचण येते, हेही लिहिलंय. म्हणजे जीबींना महत्त्व आहेच, पण वेग त्यावरून ठरत नाही. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन प्रकारच्या मेमरीसह आलं, दोन्ही २ जीबी. जीडीडीआर५ वाल्याची मेमरी सेकंदाला सुमारे ४८ जीबी डेटा पुरवते, डीडीआर४ वाल्याची जेमतेम १७. नाव तेच, जीबी तेवढेच!

रॅम कमी पडत असेल तर जरूर वाढवा. पण पिक्सेल रंगवायचं काम रॅम करत नाही.

ज्यांनी बंद केलंय त्यांनी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’मध्ये जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (हेच ते हार्डवेअर ॲक्सिलरेशन) चालू करा आणि ब्राउझर रीस्टार्ट करा. आणि तो फॉरवर्ड पुढे पाठवला असेल, तर हेही त्याच ग्रुपवर टाका.