नॉर्मन ग्रान्झ: जॅझवर जीव असलेला पक्का व्यावसायिक

एला फिट्झगेराल्डचा आवाज आपल्याकडे बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. ऑस्कर पीटरसनचा पियानो ऐकणारेही भेटतात. या दोघांच्या पाठीशी आयुष्यभर उभा राहिलेला नॉर्मन ग्रान्झ मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. तो कार्यक्रम भरवायचा, रेकॉर्ड काढायचा आणि त्यातून पैसा कमवायचा. भरपूर कमवायचा.

हे मी मुद्दाम सांगतोय. रसिक वेगळा आणि धंदा करणारा वेगळा असं आपण धरून चालतो. कलाकाराला शाल-श्रीफळ द्यायचं आणि पाकिटाचं 'बघू नंतर' म्हणायचं, हे आपल्या कितीतरी आयोजकांना खटकतही नाही. ग्रान्झच्या लेखी कलाकाराला वेळेवर आणि भरपूर पैसे देणं हीच पहिली दाद होती. म्हणून मला तो फार मोठा माणूस वाटतो.

1918 साली लॉस एंजेलिसमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. 1940च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या क्लबांमध्ये कृष्णवर्णीय वादक वाजवायचे, पण त्यांच्याच माणसांना श्रोते म्हणून आत प्रवेश नसायचा. ऐन विशीतल्या ग्रान्झने एका क्लबमालकापुढे प्रस्ताव ठेवला: नेहमीच्या वादकांच्या सुट्टीच्या रात्री मी कार्यक्रम करतो. अटी तीन. वादकांना पैसे द्यायचे, दारात वर्ण बघायचा नाही आणि नाचायच्या जागेवर टेबलं मांडायची, म्हणजे लोक बसून ऐकतील. मालकाला गल्ला दिसला आणि त्याने होकार दिला. ग्रान्झने मालकाच्या माणुसकीला हात घातलाच नाही, थेट गल्ल्यालाच घातला!

2 जुलै 1944 रोजी त्याने शहरातल्या फिलहार्मोनिक सभागृहात मोठी मैफल भरवली. खुनाच्या खटल्यात अन्यायाने तुरुंगात गेलेल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या बचाव निधीसाठी ती होती. नॅट किंग कोल, लेस पॉल, इलिनॉय जॅके असे एकेक वादक त्या मंचावर होते. तिथून 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' हे नाव पडलं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचे दौरे अमेरिकाभर आणि मग युरोपातही फिरले. करारात कलम असायचं: श्रोत्यांना वर्णानुसार वेगळं बसवलं तर कार्यक्रम होणार नाही. पैशावर पाणी सोडायची त्याची तयारी असायची, आणि हे समोरच्यालाही पक्कं माहीत असायचं.

ऑक्टोबर 1955 मधली ह्यूस्टनची हकिगत तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. सभागृहातल्या स्वच्छतागृहांवरच्या 'गोरे' आणि 'निग्रो' या पाट्या ग्रान्झने काढायला लावल्या. कार्यक्रम सुरू असताना साध्या वेशातले पोलीस एलाच्या खोलीत घुसले. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि जॅके फासे खेळत होते, एला काहीतरी खात बसली होती. जुगाराच्या आरोपाखाली सगळ्यांना पकडलं. पोलीस अमली पदार्थ आणून ठेवतील या शंकेने ग्रान्झ त्यांच्यावर नजर ठेवून उभा राहिला, तेव्हा एकाने त्याच्या पोटाला पिस्तूल लावलं. दहा-दहा डॉलरच्या जामिनावर सुटून सगळे परत आले आणि रात्रीचा दुसरा खेळ झाला. दंड भरून प्रकरण मिटवता आलं असतं. ग्रान्झने तसं न करता वकिलांवर दोन हजारांहून जास्त डॉलर खर्च केले आणि आरोप रद्द करून घेतले.

एलाचं व्यवस्थापन त्याच्याकडे होतं, आणि म्हणतात की त्यांचा लेखी करार कधीच नव्हता. तिच्यासाठी 1956 साली त्याने 'व्हर्व' ही कंपनी काढली आणि कोल पोर्टरच्या गाण्यांपासून एकेका संगीतकाराच्या गाण्यांचे संग्रह तिच्याकडून गाऊन घेतले. क्लबमधली गायिका घराघरात पोचली ती या रेकॉर्डमुळे.

त्याच्या मैफलींवर टीकाही झाली. गोंगाट, आरडाओरडा, सॅक्सोफोनवाल्यांची झुंज, असं समीक्षक म्हणायचे. काही रेकॉर्डिंग ऐकताना मलाही ते पटतं. माणूस तुसडाही होता म्हणे. पण त्याच्या वादकांना तो उत्तम हॉटेलात उतरवायचा, आणि त्या काळातल्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

1960च्या अखेरीस त्याने व्हर्व एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीला सुमारे 25 लाख डॉलरना विकली. तोवर तो स्वित्झर्लंडला राहायला गेला होता. पिकासोशी त्याची मैत्री होती. 1973 साली नवी कंपनी काढली तेव्हा तिला त्याने पिकासोचंच नाव दिलं, 'पाब्लो'. 2001 साली जिनिव्हात तो गेला.

मला सगळ्यात भावतो तो आर्ट टेटमचा किस्सा. 1953 पासून ग्रान्झने या जवळजवळ अंध पियानोवादकाला स्टुडिओत बसवलं आणि हवं ते, हवं तितका वेळ वाजवू दिलं. एकट्या पियानोचे शंभराहून अधिक तुकडे ध्वनिमुद्रित झाले. 1956 मध्ये टेटम गेला. व्हर्वबरोबर ही ध्वनिमुद्रणंही विकली गेली होती. पुढे ग्रान्झने स्वतःच्या खिशातून ती परत विकत घेतली आणि पाब्लोतर्फे पुन्हा बाजारात आणली. आज ती सहज ऐकायला मिळतात. आधी टेटम ऐका, मग एला, आणि ऐकून काय वाटलं ते खाली नक्की लिहा.