पार्किंगमधली ठिकरी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज सकाळी जे फिरले, ते पाहिल्यापासून माझे डोके तापलेले आहे. तिथे लिहिले, तर ‘ताई, जरा गंमत घ्या हो’ एवढेच उत्तर मिळणार हे ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

पार्किंगमधल्या कॅमेऱ्याची काही सेकंदांची क्लिप आहे. आमच्याकडे तीन-चार घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी दुपारचे काम आटोपून निघाल्या आहेत. मुलींनी फरशीवर खडूने ठिकरीची घरे आखून ठेवली आहेत. मावशी थांबतात, पिशवी खांबाला टेकवतात, इकडेतिकडे कोणी नाही ना ते पाहतात, पदर कमरेला खोचतात आणि एका पायावर उड्या मारत शेवटच्या घरापर्यंत जातात. वळताना तोल जातो, हात टेकतात, स्वतःशीच हसतात आणि पिशवी उचलून चालू लागतात. कोणीतरी बसून हे शोधले, कापले आणि ‘ऑलिंपिकची तयारी’ असे लिहून ग्रुपवर टाकले. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग आहे. एका सद्गृहस्थांनी तर ‘पगार याचाच देतो का आपण?’ असेही विचारले आहे. काम संपवून निघालेल्या बाईच्या त्या अर्ध्या मिनिटाचा पगार हे कधीपासून देऊ लागले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७९१ मध्ये एका गोल तुरुंगाचा आराखडा प्रसिद्ध केला होता. मधल्या मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला सगळ्या कोठड्या दिसाव्यात, पण तो आत्ता कोणाकडे पाहतो आहे हे कैद्यांना कधीच कळू नये, म्हणजे तो पाहत नसतानाही सगळे सरळ वागतील, अशी ती योजना होती. ही युक्ती मुळात त्याचा भाऊ सॅम्युएल याची, आणि त्याला ती सुचली ती कैद्यांसाठी नव्हे, तर रशियात क्रिचेव्ह इथल्या जहागिरीवर राबणाऱ्या कामगारांवर नजर ठेवण्यासाठी. पगाराचा प्रश्न विचारणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी बेंथमचे नाव ऐकलेले नसेल, पण वंशावळ तिथपर्यंत पोहोचते.

‘ज्याला काही लपवायचे नाही, त्याने कॅमेऱ्याला का घाबरावे?’ हे वाक्य आता कोणीतरी टाकणारच. मावशींना काय लपवायचे होते? चोरी? कामचुकारपणा? पन्नाशीच्या बाईला दोन उड्या माराव्याशा वाटल्या, एवढेच. चोराला कॅमेऱ्याचा कोन माहीत असतो, तो टोपी घालून येतो. कॅमेऱ्यापुढे सगळ्यात आधी मरते ती असली निरुपद्रवी लहर, कारण तिचा बचाव कोणापुढे मांडता येत नाही.

पार्किंगमधून गेलेली एक सायकल कॅमेऱ्यामुळेच सापडली होती, हे मान्य. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, त्यालाही कोणता पालक नको म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाची सुनावणी थेट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मला आनंदच झाला होता. ज्याच्या हातात सत्ता आहे, त्याच्या डोक्यावर कॅमेरा असलाच पाहिजे. आमच्याकडे मात्र जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये कॅमेरे आहेत आणि रंगकामाची कोटेशन्स ज्या खोलीत उघडली जातात, तिथे नाही. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी समितीत एक वर्ष काढून पाहावे.

दुपारी मावशी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांना कळलेले होते. दुसऱ्या एका घरी मोबाइलवर दाखवून झाले होते. आधी त्या हसल्या. मग भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘‘ताई, गेटावर असतो ते म्हाईत होतं. तिथं पण असतो व्हय?’’ मी हो म्हटले. पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत. जाताना मी खिडकीतून पाहिले, तर पार्किंगच्या मधून न जाता त्या भिंतीच्या कडेने गेल्या. तेव्हापासून राग ओसरून मला नुसते वाईट वाटत होते.

पण संध्याकाळी लिफ्टमध्ये एक शेजारीण भेटली. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत तिचाही एक होता. ती हळूच म्हणाली, ‘‘मला नाही हो आवडलं ते.’’ मी विचारले, मग हसलीस कशाला? तर म्हणाली, ‘‘सगळ्यांनी टाकलं होतं ना. कोणी टाकलं नाही ते दिसतं.’’ म्हणजे हसणाऱ्यांवरही नजर आहे, आणि ती नजर त्यांचीच एकमेकांवर आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर त्या दोन निळ्या खुणा आल्या, तेव्हापासून नुसते वाचून गप्प बसणे हेसुद्धा एक विधान झाले आहे. श्रद्धांजली वाहायची ती दिसावी म्हणून, हसायचे ते न हसलेले दिसू नये म्हणून. मराठी ‘बिग बॉस’ २०१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा घरात कोंडून घेतलेली ती माणसे किती खोटी वागतात, यावर आम्ही तावातावाने बोलत होतो. त्यांना निदान कॅमेरे ठाऊक होते, करारावर सही होती आणि मानधन मिळत होते. मावशींकडे यातले काय होते?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, तेव्हा याच ग्रुपवर निकालाची बातमी अभिमानाने फिरली होती. आधार, सरकार, नागरिक असे मोठमोठे शब्द होते. धुणीभांडी करणारी बाई त्या नागरिकांत बसत नसावी.

मी व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज दिला आहे. ती क्लिप ग्रुपवरून काढावी आणि फुटेज कोणाच्या हातात असते ते जाहीर करावे. यापुढे लेखी तक्रार आल्याशिवाय आणि दोन सभासद हजर असल्याशिवाय फुटेज कोणी पाहू नये, आणि सोसायटीच्या ऑफिसातही एक कॅमेरा बसवावा. सचिवांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि ‘वार्षिक सभेपुढे ठेवू’ म्हणाले. शेवटचे कलम वाचताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. सोसायटीतले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी कृपया इथे लाइक देऊ नये. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे, सहीसाठी बरीच जागा रिकामी आहे आणि कोणी सही केली, कोणी नाही, हे मी ग्रुपवर टाकणार नाही.