शेतीपूर्वी माणूस ‘फ’ म्हणू शकत नव्हता? खुलासा

‘शेती सुरू होण्याआधी माणसाला फ, व उच्चारताच येत नव्हते,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनाचं म्हणणं वेगळं होतं. राठ अन्न चावून दात झिजत आणि मोठेपणी वरचे-खालचे दात टोकाला टोक भिडत. शेतीनंतरच्या मऊ अन्नामुळे वरचे दात लहानपणासारखेच किंचित पुढे राहू लागले. ‘फॅन’ म्हणून पाहा, खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. पुढे आलेल्या दातांना तो टेकवायला कमी जोर लागतो. संगणकीय प्रारूपात स्नायूंचे श्रम सुमारे २९ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे उच्चार सोपा झाला, आधी अशक्य नव्हता. आणि सोपा झाला म्हणून सगळ्या भाषांनी तो उचललाही नाही: जपानी माणूस ‘फुजी’ म्हणताना आजही दोन्ही ओठच जवळ आणतो.