‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, नाइलाज आहे)

लॅपटॉपला ब्लूटूथ स्पीकर कसा जोडायचा यावर मी लिहिलं होतं, त्याखाली काल रात्री ‘स्पष्टवक्ता’ या नावाने प्रतिक्रिया आली. बाकीच्यांनी वाचली नसेल तर इथे देतो: “फोनचं ब्लूटूथ बंद करा हा काय सल्ला झाला? शेंबड्या पोरालाही कळतं. मीटिंगमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, व्हिडिओत ओठ आणि आवाज मागेपुढे होतात, यावर एक ओळ नाही. विंडोज ११ मध्ये तो मेनूच नाही. येत नसेल तर लिहू नये.”

साहेब, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. येत नसेल तर. १९९४ साली तिकडे स्वीडनमध्ये एरिक्सनवाले ब्लूटूथच्या मागे लागले होते तेव्हा मी इकडे आमच्या मंडळाच्या गणपतीत अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसून होतो, पावसात भिजलेले कर्णे पुसायचे, वायरी दातांनी सोलायच्या, आरती सुरू व्हायच्या आत माइकची शिट्टी बंद करायची, हे सगळं मीच. पुढे कितीतरी वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दर शनिवारी फेरी. त्यामुळे आवाज का येत नाही हा प्रश्न मी तुमच्याआधी सोडवायला घेतलाय एवढं नक्की. आणि नाव स्पष्टवक्ता घ्यायचं पण खरं नाव लिहायचं नाही, हा कुठला स्पष्टपणा?

आता ते शेंबडं पोर.

मागच्या दिवाळीत सासरे आले होते, त्यांना पहाटे लॅपटॉपवर अभंग लावून हवे होते. स्पीकर चालू केला, तो “कनेक्टेड” म्हणाला, निळा दिवा पण स्थिर. लॅपटॉपमधून मात्र आवाज लॅपटॉपचाच, पिचका. मी स्पीकर काढून टाकला, पुन्हा अ‍ॅड करायला गेलो तर यादीत नावच येईना. लॅपटॉप रीस्टार्ट केला, त्याने अपडेट घ्यायला सुरुवात केली, सासरे अंगाला उटणं लावून बसलेले. अर्ध्या तासाने अचानक स्पीकरमधून कुठल्यातरी गेमच्या गोळीबाराचे आवाज! मुलगा आतल्या खोलीत पांघरुणात फोन घेऊन जागा होता आणि स्पीकर इतका वेळ त्याच्या फोनला चिकटलेला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. त्यालाही कळलं नव्हतं, तुमच्या शेंबड्या पोराला कळत असेल तर त्याचं कौतुक आहे.

हे असं का होतं तर बहुतेक स्पीकर चालू झाले की आधी जुन्या ओळखीच्या डिव्हाइसला शोधतात, आणि एकदा फोनला जोडले गेले की लॅपटॉपच्या शोधात दिसतच नाहीत, कारण ते तेव्हा पेअरिंग मोडमध्ये, म्हणजे नवीन डिव्हाइसशी जुळायच्या तयारीत, नसतात. मग ब्लूटूथचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावं लागतं, नाहीतर सरळ फोनचं ब्लूटूथ बंद करायचं. तुम्ही म्हणाल आता मल्टिपॉइंट आलंय, एक स्पीकर दोन डिव्हाइसना जोडता येतो. येत असेल. माझ्याकडे जो आहे त्यात ते नाही, आणि हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडेही नसेल, नवीन घ्यायला तुम्ही पैसे देणार का? म्हणून तो सल्ला लिहिला आणि तो तसाच राहील.

डब्यातल्या आवाजाचं काय एवढं? स्पीकरमध्ये माइक असतो, मीटिंग सुरू झाली की तो माइकही वापरायला घेतला जातो आणि ब्लूटूथ स्टिरिओ सोडून हँड्स-फ्रीवर, म्हणजे फोनवर बोलण्यासाठीच्या मोडवर, उतरतं. तिथे आवाज मोनो, सेकंदाला आवाजाचे ८ हजार नाहीतर १६ हजार नमुने घेतले जातात, सीडीला ४४,१०० असतात. मीटिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक लॅपटॉपचा निवडा, स्पीकर तोच ठेवा, आवाज परत भरदार. दोन क्लिकचं काम, यावर काय लेख लिहायचा? (एका ताईंनी पण मागे हेच विचारलं होतं, पण त्यांनी नीट विचारलं होतं.) ओठांचं म्हणाल तर बिनतारी आवाज आधी दाबून लहान करायचा, पाठवायचा, पलीकडे उलगडायचा, वेळ लागणारच. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरची जे आणि के ही बटणं दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंद मागेपुढे करता येतो. तेही नको असेल तर ऑक्सची वायर लावा आणि गप बसा. म्हणजे निवांत बसा असं म्हणायचंय.

विंडोज ११ चं तेवढं मान्य. मी ‘डिव्हायसेस’ लिहिलं होतं, ते विंडोज १० मध्ये आहे. ११ मध्ये सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ असं येतं. म्हणजे दोन शब्द वाढले, त्यावरून “मेनूच नाही” म्हणणं मला तरी अतिशयोक्ती वाटते, पण चूक ती चूक. लेखातली ती ओळ आज सकाळी दुरुस्त केलीय. मीटिंगच्या माइकचंही खाली जोडलंय, पण ते त्या ताईंसाठी.