खिडकी अडवायची आणि वर पडदाही ओढायचा?

आज सकाळच्या विमानाने मुंबईहून गोव्यात मोपाच्या विमानतळावर आले. तिकीट ऑफिसने काढलेलं, त्यामुळे मधली सीट. उजव्या खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी टेकल्या टेकल्या पडदा खाली ओढला आणि रील्स सुरू. उड्डाणाच्या वेळी एअरहोस्टेसने उघडायला लावला तेवढाच, वर गेल्यावर पुन्हा बंद. म्हटलं, काका, थोडा उघडा ठेवता का? तर म्हणे, "ऊन येतं." अहो, सकाळची वेळ, विमान दक्षिणेला निघालंय, सूर्य डावीकडे! उजवीकडून ऊन येणार कुठून?

खाली आख्खं कोकण. कातळाचे सडे, खाड्या, हवा स्वच्छ असली तर मालवणचा किल्लाही. आणि हा माणूस कुणीतरी केक कापतानाचा व्हिडिओ बघतोय.

त्याने सीटचे जादा पैसे भरले असतील, मान्य. रात्रपाळी करून आलेल्याला झोपू द्यावं, तेही मान्य. पण मग मधली घे ना बाबा, फुकट मिळते.

मला आईचं पहिलं विमान आठवत होतं. मावसभावाच्या लग्नाला दाबोळीहून, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळावरून, मुंबईला निघालो होतो. तिच्यासाठी मुद्दाम उजवी खिडकी घेतली होती, पंखाच्या बरीच पुढची. (पंखावरची घेतली की तासभर पत्रा बघायचा. आणि काही बोइंग 737 मध्ये एसीच्या नळीमुळे एका ओळीला खिडकीच्या जागी चक्क भिंत असते, तिथे फसू नका.) विमान समुद्रावर गेलं, उजवीकडे वळलं आणि आग्वादचा किल्ला, मिरामारचा किनारा, मांडवीचं मुख सगळं एकदम समोर. आई काचेला नाक लावून. "ती आमची मांडवी गो? इतली ल्हान?"

आमचं घर मांडवीच्या अलीकडे बेतीला, आईची नोकरी पलीकडे पणजीत. 1986 च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला आणि नवा होईपर्यंत रोज फेरीबोट. पावसात, छत्री उलटी होत असताना, डबा पोटाशी धरून उभं राहायचं. ती नदी तिने काचेवर एका बोटाने झाकली. "ह्या इतल्याशा उदकाखातीर आमी रांगेंत रावतालीं?" आणि हसत सुटली. दाबोळी नौदलाचा तळ, फोटो काढायचा नाही, म्हणून यातलं काहीही फोनमध्ये नाही. बरंच झालं.

मला राग त्या काकांचा कमी, आपलाच जास्त येतो. गोवा वरून बघायला आपल्याला नको असतं. पर्यटक बघतात, रेती आणि नारळ. आपण बघितलं तर जुवारी नदीकाठची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं दिसतील, बांध फुटून नुसतं पाणी साचलेली. डिचोलीकडचे खाणींचे तांबडे खड्डे दिसतील, तळाशी हिरवं पाणी. 2012 ला खाणी बंद झाल्या, पुढे काही पुन्हा सुरूही झाल्या, जखमा तशाच. डोंगर कुठे कुठे कापलाय ते रस्त्यावरून कळत नाही, पत्र्याचं कुंपण असतं. वरून कुंपण कोण घालणार? तिथे आपणच पडदा ओढतो.

जाऊ दे. उतरताना पडदा उघडावाच लागतो, बाहेर काही घडलं तर दिसावं आणि डोळे उजेडाला सरावलेले असावेत म्हणून. तेव्हा मान वाकडी करून तिळारी धरणाकडचं हिरवं रान थोडं बघून घेतलं. काका तेव्हा बॅग शोधत होते.

शेजारच्या वहिनी पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच विमानाने मुंबईला जातायत, दाबोळीहून, संध्याकाळचं. संध्याकाळी विचारायला आल्या, कुठली सीट घेऊ? त्यांच्या मुलाने डावी सांगितलीय, सूर्यास्त दिसतो म्हणून. म्हटलं, वहिनी, सूर्यास्त मिरामारला रोज फुकट दिसतो, तुम्ही उजवीकडेच बसा.